केवड्याचे पिल्लू

गोव्यातील आमच्या लहानशा भातशेतास लागून एक ओढा वाहतो. उन्हाळ्यात तेथे केवळ ओल उरते. परंतु मृगाच्या सरी कोसळू लागल्या की तो काठ चिरीत धावतो. त्याच्या दोन्ही काठांवर आजोबांच्या वेळेपासून केवड्याची बने होती. केवड्यात नाग राहतो या ऐकीव भयाने आणि काट्यांच्या कंटाळ्याने २०११ साली आम्ही भावंडांनी आमच्या बाजूचे बन मुळासकट काढले व तेथे चिऱ्यांची भिंत घातली.

भिंतीने आमचा काठ राखला खरा. पण तिच्यावर आपटलेले पाणी वळून पलीकडच्या काकांच्या शेताचे लचके तोडू लागले. ते सांगावयास आले, तेव्हा "आमच्या जमिनीत आम्ही काय बांधावे, हा आमचा प्रश्न," असे उत्तर आम्ही दिले. तेव्हापासून बोलणे खुंटले. रविवारी एकाच मिस्सेला बसून आम्ही एकमेकांकडे पाहत नसू.

२०१४ च्या पावसाळ्यात पाणी भिंतीखाली शिरले, पायाची माती गेली आणि भिंत ओढ्यात बसली. शेताचा एक कोपराही तिच्यामागे गेला. समोर मात्र केवडा जेथे दाट होता, तेथे काठ शाबूत होता. केवड्याच्या खोडापासून सुटलेली आधारमुळे तिरपी जमिनीत उतरून चिखल धरून ठेवतात. पाण्यास ती अडवीत नाहीत. त्याचा वेग तेवढा मोडतात. हे आम्हांस तेव्हा उमगले.

आई म्हणाली, "मरियामातेच्या जन्मदिनी आपल्या घरचा केवडा वेदीपाशी गेला नाही, त्यास तीन वर्षे झाली. पिल्लू कोठे मागावे लागेल, ते तुम्हांस ठाऊक आहे. अर्पण नेण्याआधी भावाशी समेट करावयाचा असतो, हेही ठाऊक आहे."

पुढील वर्षी जून लागताच आम्ही काकांच्या दारी गेलो. "काका, आमची चूक झाली," एवढेच शब्द निघाले. ते काही वेळ बोलले नाहीत. मग कोयता घेऊन उठले. "बी लावू नका," ते म्हणाले. "नर की मादी, ते फुलल्यावाचून कळत नाही. सुवास नराच्या कणसाला. मादीला अननसासारखे फळ. ज्या झाडाचे पिल्लू घ्याल, तसेच झाड होईल. आणि पाणी दोघांचे आहे, तेव्हा दोन्ही काठांना लावू."

त्यांनी नराची पाच पिल्ले काढून दिली. आम्ही घाईने आणखी तीन उपटली. ती कोणत्या झाडाची, हे पाहिले नाही. लावण्याची रीत सोपी आहे. बुंध्याशी मुळे फुटलेले पिल्लू घ्यावे, पाने अर्धी छाटावी, हातभर खड्डा काढून माती घट्ट दाबावी आणि गाभा चिखलात बुडू देऊ नये. पानांच्या दोन्ही कडांस व मागच्या शिरेवरही काटे असतात. म्हणून हातास जाड फडके गुंडाळावे. बेडूक व उंदरांमागे साप दाट बनात येऊ शकतो. सुवासाशी त्याचा संबंध नाही. पाय टाकण्यापूर्वी काठीने चाळवावे, म्हणजे झाले.

२०१९ साली पहिले पिवळसर कणीस उमलले. ओडिशातील गंजाम जिल्ह्यात अशाच नरफुलांपासून अत्तर काढतात. आमच्या आईला अत्तराचे काय? तिने ८ सप्टेंबरला ते कणीस पहाटे कापविले आणि काकांच्या नातीच्या हाती देऊन दोन्ही घरांच्या वतीने वेदीपाशी ठेवविले.

घाईने उपटलेली तिन्ही झाडे मादी निघाली. ती काढून नराची लावावी, असे एकदा आमच्या मनात आले होते. परंतु काठ त्यांच्या मुळांशीही तितकाच घट्ट आहे. म्हणून ती राहिली. आता दोन्ही काठांवर बन वाढले आहे, आणि सणाच्या पहाटे कणीस कापताना ते कोणत्या काठाचे, हे कोणी विचारीत नाही.