ओल्या नाकाचा गारवा

जाग येण्याच्या तऱ्हा पुष्कळ आहेत, पण पांघरुणाबाहेर राहिलेल्या घोट्याला एखादं गार, ओलं नाक टेकावं आणि जाग यावी, याची सर कशालाच नाही. त्या स्पर्शाला आवाज नसतो, घाईही नसते. नाक नुसतं टेकतं, क्षणभर तिथेच राहतं, अंगावर एक बारीक शहारा उठतो आणि तो विरायच्या आत नाकामागून ऊन ऊन श्वास येतो. आधी गार, मग ऊन. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या कुत्र्यांनी मला असंच उठवलं आहे; कुत्री बदलली, घरं बदलली, पण हा क्रम कधी बदलला नाही.

फलटणच्या पुढे, कोरडवाहू पट्ट्यात आमचं गाव. तिथल्या घरी भुऱ्या होता. त्याला कुणी आणला नव्हता आणि पाळायचा असं कुणी ठरवलंही नव्हतं. एका दिवाळीत तो ओसरीवर येऊन बसला आणि राहिला, एवढंच. आजीने त्याला दारातून कधी आत घेतलं नाही आणि उंबऱ्यावरून कधी हाकललंही नाही. दत्ताच्या पायाशी बसणारी जात, तिला लाथ मारू नये, हा तिचा एका ओळीचा कायदा. पण सकाळी चूल सारवून झाली, की ती ओसरीवर यायची आणि हाताची मागची बाजू भुऱ्याच्या नाकाला लावायची. तोही डोळे मिटून तसाच उभा राहायचा. पाण्यातून नुकत्याच काढलेल्या टपोऱ्या जांभळासारखं ते नाक, काळंभोर, तुकतुकीत. जवळून पाहिलं की त्यावरची बारीक बारीक उंचवट्यांची नक्षी दिसायची. आजी म्हणायची, "वलं हाय. बरं हाय लेकरू." तपासणी संपली. मग भाकरी.

ओलं नाक म्हणजे निरोगी कुत्रा हे शास्त्र आजीचं एकटीचं नव्हतं, गावोगावी तेच चालतं. जनावरांचे डॉक्टर मात्र त्यावर हसतात, आणि त्यांचं हसणं बरोबर असतं. झोपलेल्या कुत्र्याचं नाक कोरडं होतं, कोमट होतं. उन्हात लोळलेल्याचंही होतं, चुलीशेजारी पडून राहिलेल्याचंही होतं, आणि त्यात काळजीचं काही नसतं. जागा झाला, दोन-चारदा जीभ फिरवली, आतल्या ग्रंथींनी थोडं पाणी सोडलं की नाक पुन्हा गार. उलट अंगात ताप असतानाही नाक ओलं राहू शकतं. हे आम्ही एका भादव्यात पाहिलं.

पाऊस उघडला होता, गवत कमरेला लागत होतं आणि गोचिडांचा सुळसुळाट झाला होता. भुऱ्याने भाकरी हुंगली आणि तोंड फिरवलं. आजीने हात लावला. नाक ओलं, गार. तिचं शास्त्र सांगत होतं की सगळं ठीक आहे, आणि तिचा जीव सांगत होता की नाही. तिने जिवाचं ऐकलं. तालुक्याहून आलेल्या डॉक्टरांनी नाकाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी भुऱ्याचा ओठ वर उचलला. हिरड्या फिकट, पांढरट. एरवी त्या गुलाबी असतात. बोटाने दाबलं की पांढऱ्या पडतात आणि दोनेक सेकंदांत गुलाबी रंग परत येतो. भुऱ्याच्या हिरडीत परत यायला रंगच नव्हता. गोचिडातून रक्तात शिरलेले जंतू तांबड्या पेशी फोडत होते, लघवीला गडद रंग आला होता. मग थर्मामीटर, शेपटीखालून. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच मुळी १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपला ताप हा त्यांचा रोजचा ऊबदारपणा. भुऱ्याचा पारा त्याच्याही बराच वर गेला होता.

नाकामागून येणारा तो श्वास आपल्याला एवढा ऊन का लागतो, ते मला त्या दिवशी ओसरीवर कळलं.

इंजेक्शनं झाली, भुऱ्या हळूहळू उठला. आणि आजीने काय केलं, तर आपलं जुनं शास्त्र टाकलं नाही. त्याला एक पान जोडलं. दुसऱ्या दिवसापासून हात नाकाला लावायचा आणि मग अंगठ्याने ओठ उचलून हिरडी बघायची. त्यापाठोपाठ गोचिडांचा शोध: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, शेपटीच्या बुडाशी. सापडली की ओढून रॉकेलच्या वाटीत. रॉकेल वाटीतच, कुत्र्याच्या अंगावर थेंबही नाही. शेजारी कुणी तसं करताना दिसलं की ती त्याच्या अंगणात जाऊन भांडायची. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात भुऱ्या आडवा पडलेला, पोट वर, आणि आजीची बोटं त्याच्या केसांतून उलटी-सुलटी फिरतायत. ती त्याला कुरवाळते आहे की तपासते आहे, मला कधी सांगता आलं नाही. तिलाही बहुतेक वेगळं करता आलं नसतं.

पुढे पुष्कळ वर्षांनी, २०२० साली, स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या आणि बुडापेस्टच्या संशोधकांनी मिळून केलेला एक अभ्यास वाचनात आला आणि मी वर्तमानपत्र खाली ठेवून बराच वेळ नुसताच बसलो. कुत्र्याच्या नाकाचं ते गार टोक दुरून ऊब ओळखतं, असं त्यांना आढळलं होतं. तीन कुत्र्यांना त्यांनी शिकवलं, की दिसायला सारख्या दोन वस्तूंपैकी किंचित ऊन असलेली निवडायची. आणि ती कुत्री १.६ मीटरवरून, स्पर्श न करता, ती निवडायला लागली. मग तेरा कुत्री जागेपणीच स्कॅनिंगच्या यंत्रात शांत पडून राहिली (हे त्यांना कसं शिकवलं, याचंच मला जास्त आश्चर्य वाटतं) आणि ऊन वस्तू समोर आली की त्यांच्या मेंदूचा एक भाग उजळताना दिसला. ही विद्या काही सापांकडे आहे, रक्त पिणाऱ्या वटवाघळांकडे आहे.

म्हणजे आजी रोज सकाळी त्याचा ताप बघत होती, तेव्हा त्या काळ्या नाकाला तिचा हात लांबूनच कळत असणार. चुलीपुढून उठून आलेला, राखेचा, शेणाचा, भाकरीच्या पिठाचा हात. त्या हाताची ऊब तो टेकायच्या आधीच पोचत असेल. मला वाटायचं भुऱ्या डोळे मिटून वाट बघतो. त्याला बघायची गरज काय होती?

वासाचं तर विचारूच नका. कुत्रा श्वास सोडतो तो नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून, म्हणजे बाहेर जाणारी हवा आत येणाऱ्या वासाला धक्का लावत नाही. १९८९ साली इंग्लंडमधल्या दोन डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये एका बाईंची हकीकत छापली: त्यांची कुत्री त्यांच्या पायावरचा एक तीळ सारखी हुंगायची, पँटवरूनसुद्धा, आणि एकदा तर तो चावून काढायलाच निघाली. तेव्हा बाई डॉक्टरांकडे गेल्या. तो तीळ कर्करोगाचा निघाला, आणि वेळेत निघाला. असं काही वाचलं की लोक लगेच आपापल्या घरातल्या आठवणी काढतात. आजीच्या शेवटच्या आजारपणात भुऱ्याला आधीच काही कळलं होतं, अशी गोष्ट आमच्याकडे नाही. असती तर मी ती आवर्जून सांगितली असती. तो ओसरीवर पडून असायचा, माणसं ये-जा करायची, त्याच्या अंगावरून ओलांडून जायची. बस.

आता पुण्यातल्या फ्लॅटमध्ये चिंगी आहे. गावठीच, एक कान उभा, एक पडका. घोट्याला नाक लावून उठवायचं काम तिच्याकडे आहे. मी आजीच्या दोन्ही पानांचा अभ्यास चालू ठेवला आहे, शिवाय कपाटात थर्मामीटर आहे. चिंगीच्या आणि औषधांच्या डब्याच्या मध्ये मी भिंतीसारखा उभा असतो, कारण आपल्या अंगदुखीच्या गोळ्या, पॅरासिटामॉल काय आणि आयबुप्रोफेन काय, कुत्र्यांच्या पोटात विष होतात. ताप आला म्हणून प्रेमाने अर्धी गोळी देणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. लाडवातले बेदाणेही नकोत, मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. कांदा नको, चॉकलेट नको. ती मात्र सगळ्याचा वास घेते. तेवढं तिला घेऊ देतो.

चिंगी आता म्हातारी झाली. नाकावरचा तुकतुकीतपणा गेला, वरच्या कडेला खरखरीत कोरडी साय धरली आहे. म्हातारपणी कित्येकांचं असं होतं, म्हणाले डॉक्टर. चिरा पडून रक्त आलं, किंवा एकाच नाकपुडीतून पाणी वाहत राहिलं, तर मात्र थांबायचं नाही, लगेच आणायचं. एरवी खोबरेल तेलाचा पातळ हात पुरे. म्हणून रोज रात्री मी तिच्यासमोर मांडी घालून बसतो, बोटाच्या टोकावर तेल घेतो आणि ते त्या उंचवट्यांवरून हळूच फिरवतो. ती अगदी गरीब चेहऱ्याने लावून घेते. मी बाटलीचं झाकण लावेपर्यंत लांबलचक जीभ बाहेर येते, उजवीकडून एकदा, डावीकडून एकदा, तेल साफ होतं, आणि मग ती बाटलीकडे बघत बसते.