कपाटावरची रॅकेट

गेल्या नाताळात आम्ही अजिंठ्याची लेणी पाहून फर्दापूरला मुक्कामाला उतरलो. पाय इतके बोलत होते की चहा आला तरी कुणी उठेना. आमची धाकटी तेवढी मागच्या अंगणात. भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज खोलीपर्यंत येत होता. दहावीचे वर्ष म्हणून तिची रॅकेट मीच कपाटावर टाकली होती. चेंडू तिने पिशवीतून लपवून आणला होता आणि रॅकेटचे काम तळहातावर भागवीत होती!

रात्री जेवताना तिने शारापोवाचा विषय काढला. सैबेरियात जन्मलेली ही पोर २००४ साली, सतराव्या वर्षी विम्बल्डन जिंकते काय, खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर २०१२ आणि २०१४ साली फ्रेंच स्पर्धा जिंकते काय! मधे उत्तेजकापायी पंधरा महिन्यांची बंदीही भोगली. शेवटी २०२० साली, बत्तिसाव्या वर्षी, खेळ सोडला.

"मग उरलेलं आयुष्य काय करायचं?" मी मास्तरी सुरात विचारले.

विचारले खरे, पण लगेच मलाच लीला राव आठवल्या. तुकारामांच्या गाथेची १८६९ साली निघालेली आवृत्ती आमच्या धंद्यात हाताळावीच लागते. तिच्या संपादकांपैकी एक शंकर पांडुरंग पंडित. त्यांच्या कन्या क्षमाबाई राव. संस्कृतात 'सत्याग्रहगीता' लिहिणाऱ्या, तुकारामांचे चरित्रही संस्कृत पद्यात रचणाऱ्या, आणि टेनिस खेळणाऱ्या! लीलाबाई ही त्यांची मुलगी. १९३४ साली विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत त्यांनी ग्लॅडिस साउथवेलला हरवले. तिथे सामना जिंकणारी ही पहिली भारतीय स्त्री. दुसऱ्या फेरीत आयडा आदामॉफने तीन सेटमध्ये त्यांना हरवले. पुढे लीलाबाईंनी नृत्यावर लिहिले, आईच्या कथांवरून संस्कृत नाटके रचली. डॉक्टरांचे घर, पैशाची ददात नव्हती, हे मी मुद्दाम सांगितले.

"म्हणजे दोन्ही केलं ना त्यांनी, बाबा?"

मी कढीचा भुरका घेतला.

"आपल्याकडेही दोन्ही आहे," सौभाग्यवती म्हणाल्या. "गाथा टेबलावर, रॅकेट कपाटावर."

घरी परतल्यावर स्टूल घेऊन रॅकेट खाली काढली. दोन तारा तुटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या बसवून आणल्या. रोज संध्याकाळी एक तास, असा करार ठरला. पहिल्याच दिवशी ती दीड तासाने परतली. मी घड्याळाकडे पाहिले नाही.