मरुभूमी आणि मालकीची जीप

आपल्या प्रभूने चाळीस दिवस 'अरण्यात' उपवास केला असे मराठी शास्त्रात आपण वाचतो आणि नकळत दाट झाडीचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. वस्तुतः यहूदियाचे ते अरण्य म्हणजे उघडी, निर्जल मरुभूमी. तिची काही कल्पना यावी म्हणून गेली तीन वर्षे प्रायश्चित्तकाळाच्या आरंभी आम्ही वडोदऱ्याहून काही तरुणांसह जैसलमेरकडे एकांतसाधनेस जात असतो. यंदा एका सधन भाविकांनी सुचविले, "फादर, चारही चाकांना जोर असणारी जीप धर्मग्रामाने घेऊनच टाकावी. निम्मी किंमत मी देतो." खरे सांगावयाचे तर आम्हांला मोह पडला. तथापि होकार देण्यापूर्वी तशी जीप भाड्याने घेऊन पाहावी, असे ठरविले.

जैसलमेरच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवर सम गावच्या वाळूच्या टेकड्या आहेत. तेथवर डांबरी सडक असून साधी मोटारही सुखाने पोचते. जिपेचे काम सडक सोडल्यावरचे. वाळूच्या कडेशी आमच्या वृद्ध चालकाने प्रथम चाकांतील निम्मी हवा सोडून दिली. चाक सैल झाले की त्याचा तळवा पसरतो, भार विभागला जातो आणि वाळू गाडीला तोलून धरते, हे त्याने उंटाच्या पायाचा दाखला देऊन समजाविले. तरीही एका उतारावर आम्ही रुतलोच. इंजिनाला जोर द्यावा तो चारही चाके आपलाच खड्डा खोल करीत! अखेर फावड्याने वाळू उपसून, मागून आलेल्या दुसऱ्या जिपेला दोर बांधून आमची सुटका झाली. "फादर, गाडी कसलीही असो, वाळूत एकट्याने शिरू नये," एवढेच तो म्हणाला. म्हणजे एक जीप घेऊन भागत नाही; सोबत दुसरी हवी, आणि सडकेवर परतताना हवा भरावयास पंपही हवा.

शिवाय जेथे वाट नाही तेथे गाडी घालणे निरुपद्रवी नव्हे. आपल्या सोलापूरकडील नान्नजच्या माळामुळे परिचित झालेला माळढोक पक्षी या मरुभूमीत अद्याप तग धरून आहे. तो जमिनीवरच, बहुधा एकच अंडे घालतो. गवतातून मौजेखातर फिरणारे चाक त्याला काय ठाऊक!

दूरच्या ढाण्यांवर राहणाऱ्या, रोग्याला रुग्णालयात पोचविणाऱ्या माणसाला असे वाहन चैन नव्हे, गरज आहे. आमचे तसे नाही. वर्षातले चार दिवस वाळूत आणि उरलेले दिवस देवळाच्या आवारात उभी राहणारी ती जीप! विमा, दुरुस्ती, चालक यांचा खर्च मात्र बारमाही. पुढे तर ती पडून आहे म्हणूनच सहली काढाव्या लागल्या असत्या. रात्री टेकडीवर बसलो असता आणखी एक गोष्ट ध्यानी आली. आम्हांला हवी होती ती वाळू ओलांडण्याची सोय नव्हे. आमच्या देवळापुढे तशी गाडी उभी दिसावी, ही हौस होती. रिते होण्यासाठी ज्या भूमीत यावयाचे, तिच्याच नावाने एक वस्तू पदरी बांधण्याचा हा बेत होता!

परतल्यावर आम्ही त्या भाविकांना नम्रपणे नकार दिला. ते क्षणभर खट्टू झाले, मग हसून म्हणाले, "तर मग पुढील वर्षी मलाही सोबत न्या." आम्ही त्यांना नेणार आहोत, आणि जीप त्याच वृद्ध चालकाची असेल.