सिलॅबसबाहेरचा बुद्ध

कोर्सचं नाव ‘इंट्रोडक्शन टू वर्ल्ड रिलिजन्स’. तीन क्रेडिट्स, पंधरा आठवडे, दर मंगळवारी संध्याकाळी. न्यू जर्सीतल्या आमच्या कम्युनिटी कॉलेजात हा कोर्स कायम हाऊसफुल्ल. कारण सोप्पंय. ह्युमॅनिटीजची सक्तीची क्रेडिट्स मिळतात आणि गणित नसतं! २०१९ साली माझ्या एच-फोर व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, शिकता मात्र येत होतं. म्हटलं, चला, जगातले देव तरी बघून घेऊ.

हिंदू धर्म दोन आठवडे, बौद्ध दोन आठवडे, मग कन्फ्युशियस आणि ताओ, ज्यू, ख्रिश्चन, इस्लाम. शीख आणि जैन शेवटच्या आठवड्यात एकमेकांना चिकटून. थोडक्यात, दहा दिवसांत आठ देश दाखवणारी युरोप टूरच. उतरा, फोटो काढा, बसमध्ये चढा.

पहिल्याच दिवशी प्रोफेसरबाईंनी फळ्यावर एक तक्ता काढला. संस्थापक कोण, ग्रंथ कोणता, देव किती, मुख्य सण कुठला. आम्ही भराभर चौकटी भरायला लागलो आणि लगेच अडकलो. हिंदूंचा संस्थापक? रिकामी चौकट. बौद्धांचा देव? रिकामी चौकट. ज्यूंचा संस्थापक अब्राहम की मोझेस, यावर तर मागच्या बाकावर वादच पेटला. बाई शांतपणे हसत होत्या. त्यांना हेच हवं होतं.

तक्ता मुळात बनवला कोणी, हे त्यांनी मग सांगितलं. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपियन विद्वानांनी. घरचा ख्रिश्चन धर्म नमुन्याला घ्यायचा आणि बाकीच्यांना त्याच मापाचे कपडे चढवायचे. ग्रंथ हवाच, म्हणून मॅक्स म्युलरच्या संपादकत्वाखाली पूर्वेच्या पवित्र ग्रंथांची पन्नास खंडांची मालिका सुरू झाली, १८७९ ते १९१० अशी चालली. ‘वर्ल्ड रिलिजन्स’ ही यादी कशी घडत गेली, यावर तोमोको मासुझावा या अभ्यासिकेचं २००५ सालचं अख्खं पुस्तकच आहे. आपण शाळेत ‘जगातील प्रमुख धर्म’ म्हणून जे पाठ केलं, त्यालाही जन्मतारीख आहे तर!

तरी परीक्षा त्याच तक्त्यावर होती. आणि गंमत अशी, की ज्याचा त्याचा चॅप्टर आला की तो तो अस्वस्थ. माझ्या शेजारची कॅथलिक मुलगी म्हणाली, ‘‘आमच्या घरी बायबल कपाटात असतं. आजी सगळं काही सेंट अँथनीलाच सांगते. किल्ली हरवली तरी त्यालाच.’’ एक बांगलादेशी मुलगा ‘पाच स्तंभ’ची स्लाइड बघून म्हणाला, ‘‘बरोबर आहे. पण आमच्या गावच्या दर्ग्याचं काय?’’

मग आला बौद्ध आठवडा. म्हणजे माझा.

स्लाइड सुंदर होती. राजपुत्र सिद्धार्थ, रथ, आणि रस्त्यात दिसलेले म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी. चार दृश्यं दिसली, वैराग्य आलं, घर सोडलं. सगळा वर्ग हरखला. माझा हात आपोआप वर गेला. ‘‘आमच्या घरी ही गोष्ट अशी सांगत नाहीत.’’

आमच्या घरी बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ वाचला जातो. त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली तो मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यात त्यांचा सवाल वकिली आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी, मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे पटतं का? त्यांच्या मांडणीत शाक्य आणि कोलियांमध्ये रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होतो. संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ विरोध करतो आणि परिव्रज्या पत्करून देश सोडतो.

वर्ग चिडीचूप. मग एकाने विचारलंच, ‘‘मग यातली खरी गोष्ट कोणती?’’

बाई म्हणाल्या, ‘‘तो प्रश्न इतिहासाच्या वर्गात विचार. इथे विचारायचं, की ही गोष्ट कोण सांगतंय, कुणाला आणि का?’’

त्या रात्री घरी येताना बसमध्ये डोक्यात एकच चक्र. नदीचं पाणी! १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठीच सत्याग्रह करणारा माणूस बुद्धाची गोष्ट सांगताना पाण्यापाशी थांबतो, हा मला निव्वळ योगायोग वाटेना. गोष्ट मला लहानपणापासून पाठ होती. हा ‘का’ मात्र कधी डोक्यातच आला नव्हता. आणि बाबासाहेब जिथे १९१३ ते १९१६ शिकले, ते कोलंबिया विद्यापीठ माझ्या कॉलेजपासून जेमतेम तासाभरावर!

पुस्तकातल्या नकाशात मात्र भारत फिकट रंगात होता. बौद्ध धर्म इथे जन्मला आणि लोपला, पुढचं पान तिबेट. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध आहेत, त्यातले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. एवढी माणसं फिकट रंगात कशी काय मावली?

टर्म पेपरसाठी एका ‘प्रॅक्टिशनर’ची मुलाखत घ्यायची होती. मी सरळ आजीला व्हिडिओ कॉल लावला. छापील प्रश्नावलीतला पहिला प्रश्न होता, दिवसातून किती वेळ ध्यान करता?

‘‘ध्यान?’’ आजी खो खो हसली. ‘‘माय, आमी धान लावत होतो.’’

१४ ऑक्टोबर १९५६ ला, दसऱ्याच्या दिवशी, आजी नागपुरात होती. चौदा वर्षांची. भंडाऱ्याजवळच्या गावाहून सगळे चालत आलेले, अंगावर पांढरं लुगडं. बावीस प्रतिज्ञा तिने लाखोंच्या आवाजात आवाज मिसळून म्हटल्या. परत आल्यावर तिच्या वडिलांनी घरातले देव टोपलीत भरले आणि वैनगंगेत सोडून आले.

‘‘आजी, मग बदललं काय?’’

ती जरा वेळ गप्प बसली. ‘‘पोटाले काही जास्त नाही आलं. पर मेलेलं ढोर ओढाले मंग आमच्या मोहल्ल्यातून कोणी गेलं नाही. तू हे लिहिजो.’’

लिहिलं. संस्थापक, ग्रंथ, देव, सण यातल्या कुठल्याच चौकटीत आजीचं हे उत्तर बसत नाही. पण धर्म बदलतो म्हणजे नेमकं काय बदलतं, हे मला त्या एका वाक्याने जेवढं कळलं, तेवढं अख्ख्या चॅप्टरने नाही कळलं. आणि प्रामाणिकपणे सांगते, तो चॅप्टर वाचला नसता तर आजीला विचारायचंही सुचलं नसतं. आपल्याच घरात शिरताना परक्या माणसासारखी बेल वाजवायची, ही सवय या कोर्सने लावली. तेव्हा असा कोर्स कुठे दिसला तर जरूर करा. फक्त फळ्यावरच्या तक्त्यावर थांबू नका, घरी एक फोन करा.

पुढच्या सेमिस्टरला बाईंनी मेल केली. चार दृश्यांच्या स्लाइडनंतर आता रोहिणी नदीची स्लाइड आहे.

मला ग्रेड मिळाली ए-मायनस. आजीला फोनवर सांगितलं, तर म्हणते, ‘‘मायनस काऊन वं? माह्यं काही चुकलं का?’’