घरचे दहा, रेंजवरचे नऊ

२०२२ च्या ऑक्टोबरात कैरो येथे ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने, वयाची एकोणीस वर्षेही पुरी झालेली नसताना, दहा मीटर एअर रायफलचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. आणि तेव्हापासून ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या पालकवर्गात नेमबाजीविषयी जी जिज्ञासा उत्पन्न झाली, तिच्यामुळे माझ्यासारख्या प्रशिक्षकाचा योगक्षेम सुलभ झाला, हे कबूल केलेच पाहिजे. मात्र त्या जिज्ञासेचा ओघ अखेरीस एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो : "सर, घरी कोणते मशीन घ्यावे, म्हणजे स्पर्धेत मुलगी घाबरणार नाही?" प्रस्तुत अंकाच्या संपादकांनीही, किंचित निराळ्या शब्दांत, हेच विचारले असल्याने एकदाचा सविस्तर जबाब लिहून द्यावा असे मनात आले.

प्रथम खेळाविषयी थोडे; कारण सुशिक्षित माणसांच्याही कल्पना याबाबत विलक्षण असतात. कोणी विचारतो, चष्मा असलेल्या मुलाला हे जमेल काय. कोणी विचारतो, पोलिसांचा परवाना कोठे काढावा. वीस ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या ४.५ मिलिमीटर एअर रायफलला परवाना लागत नाही, आणि चष्मेवाले नेमबाज उदंड आहेत. खरी अडचण वेगळीच. साडेपाच किलोपर्यंत वजनाची रायफल उभ्याने धरून, दहा मीटर अंतरावरच्या साडेतीस मिलिमीटर व्यासाच्या काळ्या वर्तुळाच्या मध्यभागी, टाचणीच्या डोक्याहूनही लहान असा अर्ध्या मिलिमीटरचा जो ठिपका असतो, त्यावर पंच्याहत्तर मिनिटांत साठ शॉट मारावयाचे असतात. आणि अलीकडे गुण दशांशांत मोजले जात असल्याने नुसते 'दहा' पुरत नाही, १०.२ आणि १०.६ यांच्यातील अंतरावर अंतिम फेरीचा प्रवेश अवलंबून राहतो.

घरगुती यंत्राचे कार्य असे. नळीच्या टोकास एक संवेदक बसवतात, तो लॅपटॉपला जोडतात, आणि छर्रा न भरता केवळ ट्रिगर दाबला की नळी कोठे कोठे फिरली याची रेषा पडद्यावर उमटते. आमच्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'स्कॅट'मध्ये रायफल लक्ष्यावर येतानाची रेषा हिरवी, शॉटपूर्वीच्या अखेरच्या सेकंदाची पिवळी, त्यातल्याही शेवटच्या एक-पंचमांश सेकंदाची निळी आणि शॉटनंतरची लाल दिसते. ही निळी रेषा म्हणजे आमची जन्मपत्रिका. ती आखूड आणि दहाच्या आत असेल तर तंत्र ठीक, ती बाहेर ओढली गेली असेल तर बोटाने ट्रिगरला धक्का दिला असे समजावे. डोंबिवलीच्या सदनिकेत सलग दहा मीटर मिळणे दुरापास्त. परंतु गॅलरीच्या दारापासून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत पाच मीटर मिळाले तरी लक्ष्य त्या प्रमाणात लहान करून यंत्र हिशोब जुळवून देते. मात्र समोरच्या इमारतीतून कोणी 'खिडकीत बंदूक' पाहून सोसायटीकडे तक्रारअर्ज करू नये म्हणून पडदा ओढून घेण्याची दक्षता बाळगावी लागते.

आता ज्या उदाहरणाने मला अस्वस्थ केले आहे ते सांगतो. माझ्याकडे कल्याणची एक विद्यार्थिनी येते. तिच्या घरच्या निळ्या रेषा मी शिकवताना नमुना म्हणून दाखवाव्यात इतक्या नेटक्या. पण स्पर्धेत पहिल्या दहा शॉटांतच तिचे दोन-तीन नऊ पडतात. गुणांच्या छापील कागदावर प्रत्येक शॉटची वेळही असते, आणि पालक ज्या रकान्याकडे पाहतही नाहीत त्यातच सारी हकिकत नमूद असते. घरी जिचा शॉट सहा-सात सेकंदांत सुटतो, तीच मुलगी रेंजवर बारा-बारा सेकंद धरून बसते. श्वास इतका वेळ रोखला की स्नायू थरथरू लागतात, आणि डोळा मघाची प्रतिमा धरून ठेवत असल्याने नेम सरकलेला कळतही नाही. तिला नेम येत नाही असे नाही. तिला शॉट सोडवत नाही.

असे का व्हावे? घरी शॉट वाया गेला तर भरपाई तत्क्षणी होते. कळ दाबली, रेषा पुसली, पुन्हा सुरुवात. यंत्राची ही मुभा तंत्र शिकण्यासाठी अमोल, आणि दडपणाच्या सरावासाठी तितकीच घातक. कारण दडपण प्रेक्षकांतून किंवा पदकातून उपजते ही समजूत वरवरची असून, झालेली गोष्ट परत घेता येत नाही या जाणिवेतच त्याचे मूळ आहे. मात्र दडपण सरावातही आणता येते, याला प्रयोगांचा आधार आहे. मानसशास्त्रज्ञ सियान बायलॉक आणि टॉमस कार यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोल्फच्या पटिंगवरील प्रयोगांत, कॅमेऱ्यासमोर आणि तज्ज्ञ हे चित्रण पाहणार आहेत अशा समजुतीने सराव केलेली माणसे पुढे दडपणाखाली ढासळली नाहीत. नेदरलँड्समध्ये आउदेयान्स आणि पायपर्स या संशोधकांनी माणसांना गिर्यारोहणाच्या भिंतीवर लटकवून डार्ट फेकायला लावले, आणि सौम्य भीतीत केलेला सराव तीव्र भीतीतही उपयोगी पडतो असे दाखवले. नेमबाज अभिनव बिंद्राच्या तर घरीच रेंज होती. तरीही बीजिंग ऑलिंपिकपूर्वी तो जर्मनीत चाळीस फूट उंच खांबावर चढला. घरात सर्व काही असूनही जे नव्हते, ते आणण्यासाठीच हा खटाटोप. उलटपक्षी, त्याच बीजिंगमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग-सू याने हृदयाची धडधड मंदावणारे औषध घेतल्याचे निष्पन्न होऊन त्याची दोन्ही पदके काढून घेण्यात आली. धडधड सर्वांनाच होते. सराव करावयाचा तो धडधडीसकट.

येथे माझ्या आवडत्या वादाकडे वळण्याचा मोह आवरत नाही. कैरोच्या विजयाने रुद्रांक्षने पॅरिस ऑलिंपिकचा कोटा, म्हणजे प्रवेशाची जागा, मिळवला. परंतु कोटा देशाच्या मालकीचा असतो, नेमबाजाच्या नव्हे. आणि २०२४ मध्ये दिल्ली व भोपाळ येथील चार निवड-चाचण्यांच्या गुणांवर अर्जुन बाबुता आणि संदीप सिंग यांची निवड झाली, रुद्रांक्षची नाही. ठाण्यात यावर आजही तावातावाने बोलले जाते. माझे म्हणणे असे की, चार चाचण्यांतून स्थैर्य मोजले जाते यात वाद नाही. पण पहिल्या चाचणीतली उणीव दुसरीत भरून काढता येत असल्याने, ज्या एका सकाळची परीक्षा घ्यावयाची तिचे स्वरूपच त्यात पालटते. यावर प्रतिपक्ष म्हणतो, एका दिवसाचा पराक्रम हा तरी कसला पुरावा? २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत एकाच दिवशी रुद्रांक्ष १८९३.७ गुणांच्या जागतिक विक्रमासह सांघिक सुवर्ण मिळवणाऱ्या चमूत होता, आणि वैयक्तिक अंतिम फेरीत शूट-ऑफ हरून चौथाही आला. शिवाय पॅरिसमध्ये बाबुता चौथा आला. म्हणजे चाचणीने भलताच माणूस निवडला असेही म्हणवत नाही. हा वाद मी अनेक जागी जिंकला आहे, तरी माझेच पूर्ण समाधान झालेले नाही.

तर, जबाब. मशीन जरूर घ्यावे. पण तंत्राचा सराव आणि दडपणाचा सराव यांची दप्तरे वेगळी ठेवावीत. दडपणासाठी माझी तजवीज अशी : क्लासहून, लोकलच्या गर्दीतून घामाघूम होऊन आल्यावर नेमबाजीचे जाकीट चढवावे, चाचणीचा शॉट न घेता एकच शॉट मारावा, आलेला गुण आजी-आजोबांसह घरातल्या सर्वांच्या ग्रुपवर टाकावा, आणि त्या दिवशी यंत्र पुन्हा उघडू नये. कल्याणच्या मुलीकडून हे करवून घेतल्यापासून तिचा शॉट धरून ठेवण्याचा काळ बारा सेकंदांवरून नऊवर आला आहे. अंतिम फेरीत ती टिकेलच असे वचन मी तिच्या आईवडिलांना दिलेले नाही. काही मुले सर्व उपाय करूनही रेंजवर गोठतात, आणि त्याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

हा उपाय ऐकल्यावर बहुतेक वडील चेहरा पाडून म्हणतात, "एवढे महागाचे मशीन, आणि दिवसाला एकच शॉट?" त्यांना मी नियमपुस्तक दाखवतो. अंतिम फेरीत आठ जण उभे राहतात, आणि बाराव्या शॉटनंतर त्यांतला एक रायफल खाली ठेवून निघून जातो. त्याच्या घरी मशीन कोणते आहे, याची चौकशी पंच करीत नाहीत.