मांजरीला इन्शुलिन? होय, आणि तेही मोजून!

"इथं माणसांना औषध मिळेना आणि तुम्ही मांजरीला इन्शुलिन टोचता?" कळमनुरीत हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. माणसाला औषध मिळत नसेल तर त्याचा जाब व्यवस्थेला विचारला पाहिजे. मुक्या जिवाची सुई बंद केल्याने कोणत्या गरिबाला औषध मिळणार आहे?

आमच्या घरी आईला आणि मांजरीला, दोघींनाही मधुमेह आहे. आईच्या बोटातून रक्ताचा थेंब काढतो, मांजरीच्या कानाच्या कडेतून. तिला बारा तासांच्या अंतराने दोनदा इन्शुलिन लागते. आधी साखर मोजायची, ती नीट खाते का बघायचे, मगच डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा. ४० युनिटच्या इन्शुलिनला ४० चीच सिरिंज हवी. १०० चे इन्शुलिन त्याच सिरिंजने भरले तर मात्रा अडीचपट होते. माणसांचे ग्लुकोमीटर मांजरीची साखर बहुधा कमी दाखवते, म्हणून प्रत्येक आकडा वहीत लिहून डॉक्टरांना दाखवतो. दवाखान्यात भीतीनेच तिची साखर चढते. घरचा आकडा म्हणूनच मोलाचा. ती झोकांड्या खाऊ लागली तर साखर उतरली असे समजून हिरड्यांना मध चोळायचा आणि लगेच डॉक्टरांना फोन करायचा.

यात श्रीमंती चोचले कुठे आहेत? इन्शुलिनच्या संशोधकांनी १९२३ साली पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले, ते औषध सर्वांना मिळावे म्हणून. ज्ञान कुलपात ठेवणाऱ्यांचा इतिहास आम्ही भोगला आहे. म्हणून सांगतो, गंडेदोरे सोडा, मोजायला शिका. आणि माणसांच्या इन्शुलिनसाठी सरकारी दवाखान्यात जाब विचारायला चला, आम्ही सोबत आहोत.

जय भीम!