मरुभूमींतील प्रदक्षिणा

‘कॅरव्हॅन’ म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें उंटांचा तांडा उभा राहत असे. परंतु गेल्या जुलैंत आमच्या चिरंजीवांनीं ॲडलेड येथील बिऱ्हाडाच्या दारीं जें आणून उभें केलें, तें मोटारीमागें जोडावयाचें चाकांवरचें घरकुल होतें. शेगडी, पाण्याची टाकी, निजावयाच्या फळ्या, सर्व त्यांत बेतशीर बसविलेलें. मेतकुटाचा डबा कोठें राहील हें सौभाग्यवतींनीं प्रथम ठरविलें, आणि मगच आम्हां सहा जणांचा संसार उत्तरेकडे निघाला.

पोर्ट ऑगस्टा मागें पडल्यावर स्टुअर्ट महामार्ग लागतो. १८६१-६२ सालीं जॉन मॅकडोवल स्टुअर्ट यानें हें खंड दक्षिणोत्तर ओलांडलें, त्याचें नांव या मार्गास आहे. उलुरूपर्यंतचा पल्ला सुमारें सोळाशें किलोमीटरांचा. दोन्हीं बाजूंस तांबडी माती व खुरटीं झुडपें. ग्लेंडॅम्बोपासून कूबर पीडीपर्यंतच्या अडीचशें किलोमीटरांत पेट्रोल मिळत नाहीं. त्यामुळें पाणी व इंधन यांचा हिशेब रोज दोनदां होई, आणि कांगारू रस्त्यावर येतात म्हणून दिवेलागणीपूर्वींच मुक्काम पडे. कूबर पीडी येथें १९१५ सालीं ओपल रत्नें सांपडलीं. उन्हाळ्याच्या तापामुळें तेथील बरेच लोक जमिनीखालीं खोदलेल्या घरांत राहतात. प्रार्थनामंदिरेंही तशींच पोखरून केलेलीं. तीं पाहतांना वेरूळची आठवण न झाली तरच नवल!

वाटेंत नातवानें दूर रानटी उंट दाखविले, तेव्हां आमची पहिली कल्पना अगदींच चुकीची नव्हती असें दिसून आलें. १८६० सालीं बर्क व विल्स यांच्या मोहिमेसाठीं कराचीहून उंट आणले होते, आणि कराची त्या काळीं मुंबई इलाख्यांतच मोडत असे. पुढें बलुचिस्तान, सिंध, पंजाब व अफगाणिस्तान येथील उंटवाल्यांनीं या ओसाड मुलुखाची मालवाहतूक पाठीवर पेलली. त्या सर्वांस सरसकट ‘अफगाण’ म्हणत. मोटारी आल्यावर उंट मोकळे सुटले, त्यांचीच ही प्रजा.

चौथ्या दिवशीं सपाट क्षितिजावर उलुरू दिसला. सभोंवतालच्या मैदानापासून ३४८ मीटर उंचीचा हा एकसंध वालुकापाषाण. त्यांतील लोह गंजल्यामुळें त्यास तांबूस रंग आला आहे. १८७३ सालीं गॉस नांवाच्या गोऱ्या प्रवाशानें त्यास ‘एअर्स रॉक’ म्हटलें. परंतु अनंगू लोकांचा तो सहस्रावधि वर्षांचा पूज्य पर्वत आहे. २६ ऑक्टोबर १९८५ रोजीं ही भूमि त्यांस परत मिळाली, आणि २०१९ सालीं त्याच तारखेस पर्वतारोहण कायमचें बंद झालें. आतां पायथ्यानें सुमारें साडेदहा किलोमीटरांचा फेरा घालावयाचा, तोही उजवी घालून! आम्हांस ही प्रदक्षिणाच वाटली. कांहीं स्थळीं छायाचित्र घेऊं नये अशी अनंगूंची विनंती आहे. नातीनें ती कटाक्षानें पाळली.

परंतु आमच्या हातून एक प्रमाद घडला. मुटिजुलूच्या पाणवठ्याजवळ एक गुळगुळीत तांबडा खडा दिसला. नर्मदेचें बाणलिंग, गंडकीचा शालिग्राम आमच्या देवघरांत आहेच. त्याच भावानें तो आम्हीं कोणासही न सांगतां कोटाच्या खिशांत टाकला. सायंकाळीं तेथील सांस्कृतिक केंद्रांत नातीनें मोठ्यानें वाचून दाखविलें कीं, कित्येक प्रवासी येथून नेलेले दगड क्षमापत्रासह टपालानें परत पाठवितात. आमचा हात खिशांतच राहिला.

त्या रात्रीं थंडी कडाक्याची होती. पण झोंप न येण्याचें कारण तें नव्हे. परधन मातीच्या ढेकळासमान मानावें, असें आम्हीं तीस वर्षें वर्गांत शिकविलें. येथें तें ढेंकूळच परक्याचें धन होतें, आणि तें ओळखण्यास आमची विद्या अपुरी पडली.

पहांटे आम्हीं सर्वांदेखत खडा काढून ठेवला. चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं मोटार पुन्हां वीस किलोमीटर मागें वळविली. नात मात्र म्हणाली, “आजोबा, म्हणजे तुम्हीं चोरी केलीत?”

“होय, बाळ,” आम्ही म्हणालों.

पाणवठ्याशीं तिनेंच आमचा हात धरला. जेथून उचलला होता तेथेंच खडा ठेवून आम्हीं नमस्कार केला. देव्हाऱ्यांत त्याची उणीव भासत नाहीं. पूजेच्या वेळीं मात्र त्याचें स्मरण रोज होतें.